बाटलीतली पातळी

"काल मीनं टाकलं, आज तू टाक."

"टाकतो ना वो. पाहुणे यायच्या आंधी भरून ठेवतो."

बांबूच्या कुडापलीकडून दोन बायकांचं हे बोलणं ऐकू आलं तेव्हा मी काचेच्या नळ्यांवरचं दव पुसत होते. माठाबद्दल बोलत असतील असं वाटलं. पाहुणे येणार असले की एकही भांडं रिकामं दिसू द्यायचं नाही, ही इथल्या बायकांची रीत मला एवढ्या दिवसांत माहीत झाली होती. मी जुन्या ओढणीचा तुकडा पिळला आणि पुढची नळी पुसायला घेतली.

पुसता पुसता हात थांबला. नळीच्या पलीकडे मला माझी बोटं दिसत होती. अंधुक, धुरातून दिसावीत तशी.

ती दिसायला नको होती.

हे गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढचं. हिवाळ्यात बायका जंगलातून आवळा आणतात, बचत गटाच्या शेडमध्ये तो उकडतात, बिया काढून फोडी वाळवतात. उकडायचं म्हणजे सरपण लागतं, आणि सरपणासाठी पुन्हा जंगलात जावं लागतं. अलीकडे त्या एकट्यादुकट्या जात नाहीत. घोळक्यानं जातात, मोठ्यानं बोलत जातात आणि दुपारच्या आत परततात. वाघाचं नाव कुणी घेत नाही. "त्याचा काही नेम नाई," एवढंच म्हणतात. सरपणाच्या खेपा कमी व्हाव्यात म्हणून आम्ही चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजातून पाणी तापवायचं यंत्र इथे आणून बसवलं होतं. आम्ही म्हणजे सर आणि मी. एमएस्सी झाल्यापासून मी सरांच्या प्रकल्पावर काम करते.

गच्चीवरच्या नेहमीच्या सोलरमध्ये उन्हानं आधी काळा पत्रा तापतो, मग पत्रा पाण्याला तापवतो, आणि मधल्या मधे बरीच उष्णता वाया जाते. आमच्या यंत्रात पत्रा नाही. काळेपणा पाण्यातच मिसळलेला आहे. कार्बनचे नॅनोकण, इतके बारीक की तळाशी न बसता तरंगत राहतात. ऊन नळ्यांच्या काचेतून शिरतं आणि आतल्या काळ्या द्रवातच मुरतं. तापलेला काळा द्रव छोट्या पंपानं फिरतो, स्टीलच्या टाकीत बुडवलेल्या तांब्याच्या कॉइलमधून जातो, टाकीतलं साधं पाणी तापवतो आणि परत नळ्यांकडे येतो. काळा द्रव आणि टाकीतलं पाणी एकमेकांना भेटत नाहीत. मध्ये तांब्याच्या नळीची भिंत असते.

ती कॉइल अब्बांनी केली होती.

अब्बांचं चंद्रपुरात रेडिएटरचं दुकान आहे. कोळशाचे ट्रक त्यांच्याकडे येतात, तापलेले, तुंबलेले, पाणी ओकणारे. मी लहानपणापासून त्या दुकानाच्या मागच्या खोलीत अभ्यास केला. आमच्या घराच्या गच्चीवर रोज सकाळी काळी धूळ बसलेली असते आणि अम्मी ती रोज धुते, त्यामुळे कार्बनच्या काळ्या पाण्यावर मी संशोधन करते हे ऐकून ती बराच वेळ हसली होती. "घर की नाली में रोज बहता है," म्हणाली.

आमच्या घरात हिंदी. शाळा इंग्रजी. मराठी मी गल्लीत शिकले, शेजारच्या काकूंच्या ओट्यावर, आणि पुढे तीच मला सगळ्यात जवळची वाटू लागली, निदान लिहायला. बोलायच्या वेळी तिन्ही भाषा एकदम पुढे येतात आणि दारात अडकतात. मी वाक्य मनात तयार करते, तपासते, पुन्हा तयार करते. तोवर लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. शेडमधल्या बायकांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. गटाच्या अध्यक्ष बाई, कपाळावर गोंदण असलेल्या, सगळ्यांच्या मोठ्या, मला विचारायच्या, "काऊन मॅडम, तोंडात आवळा धरला का?" आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. त्या हसण्यात मला जागा होती, म्हणून ते टोचायचं नाही.

त्या दिवशी गडचिरोलीहून एका विभागाचे साहेब यंत्र बघायला येणार होते. अशी यंत्रं आणखी गावांत न्यायची की नाही हे त्यांच्या बघण्यावर ठरणार होतं. सर पहाटेच निघून आले होते आणि शेडच्या खांबाला तक्ता बांधत होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. सुतळीची गाठ बसेपर्यंत थांबले.

"सर, कलर लाइट वाटतोय."

सरांनी मान वळवून नळ्यांकडे पाहिलं. "सेटल झालं असेल. थंडीत पंप सारखा बंद पडतो ना. कण चिकटतात, खाली बसतात. परत लॅबमध्ये नेऊन हलवून घेऊ." मग म्हणाले, "बाटलीत पातळी किती?"

काळा द्रव तापला की फुगतो. त्याला जागा असावी म्हणून वर एक पारदर्शक बाटली बसवलेली आहे, तिच्यावर लाल खूण. द्रव गळत असला तर बाटलीतली पातळी उतरणार, हा आमचा सगळ्यात साधा हिशोब. मी बघून आले. पातळी खुणेला टेकलेली होती.

"बरोबर आहे, सर."

"मग लीक नाही. टेन्शन घेऊ नको."

मला बरं वाटलं. खरं म्हणजे खूपच बरं वाटलं, कारण लीक म्हटलं की मला सगळ्यात आधी अब्बांचा हात आठवतो, गॅसची ज्योत जोडावर फिरवणारा. त्या कॉइलला मधोमध एक जोड होता. तेवढी लांब नळी सलग मिळाली नव्हती. अब्बांनी जोड भरला, थंड होऊ दिला आणि पाण्याच्या टबात बुडवून आत हवा सोडली. आम्ही दोघं टबावर वाकून बुडबुड्याची वाट बघत होतो. बुडबुडा आला नाही. "देख, एक भी नहीं," ते म्हणाले. माझ्या कॉलेजासाठी त्यांनी केलेलं ते पहिलं काम होतं. सरांनी दुकानात येऊन त्यांच्याशी हात मिळवला तेव्हा अब्बांनी आधी आपला हात दोनदा पुसला.

मी उरलेल्या नळ्या पुसायला परत आले. तेव्हा अध्यक्ष बाईंची सून लोटा घेऊन शेडमध्ये शिरली. तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढली, काळ्या द्रवाच्या बाटलीचं झाकण फिरवलं आणि लोट्यातलं पाणी सावकाश आत ओतलं. लाल खुणेच्या जरा वर येईपर्यंत ओतलं. झाकण लावलं, पदरानं बाटली पुसली आणि उतरली.

मी बघतच राहिले. तिला वाटलं मी रागावले.

"चुकलं का मॅडम?"

"हे... तुम्ही रोज?"

"हो ना. रोज थोडं उतरते ते. तुमी चंद्रपूरवरून इतक्या लांब येता, अन् तुमची बाटली रिकामी दिसंन तं कसं वाटते? आमी पारी लावली हाये. काल सासूबाईनं टाकलं."

तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. दुसऱ्याचं भांडं आपल्याकडे असताना ते भरलेलं ठेवायचं, एवढीच गोष्ट. सांगण्यासारखी नाही, म्हणून त्यांनी सांगितली नव्हती. विचारण्यासारखी आहे असं आम्हाला वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही, ठीक आहे." तयार असलेलं वाक्य तेवढं एकच होतं.

ती गेली आणि मी पुन्हा बाटलीकडे बघितलं. रोज उतरत होतं. म्हणून रंग फिका झाला होता. कण खाली बसले नव्हते. ते कुठेतरी गेले होते आणि त्यांच्या जागी विहिरीचं पाणी आलं होतं. दुकानात ड्रायव्हर लोक येऊन म्हणायचे, चाचा, रोज पाणी टाकतो, काही त्रास नाही. अब्बा त्यांच्यावर चिडायचे. भरण्याआधी पाणी कुठे गेलं ते शोध, म्हणायचे.

मी शोधलं. नळ्यांच्या दोन्ही टोकांचे रबर हातानं चाचपले. पंपाखाली ओणवी होऊन बघितलं. रबरी पाइप बोटांनी वेतभर वेतभर दाबत गेले. सगळं कोरडं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर काळा थेंब कुठेही लपला नसता. बाहेर कुठेच गळत नव्हतं.

म्हणजे आत, टाकीत गळत होतं.

टाकीसमोर उभी राहिले. टाकीला बायकांनी सजवलं होतं. झेंडूची जाड माळ आडवी बांधली होती, आंब्याची पानं खोचली होती. माळेच्या मागे आम्ही लावलेली पाटी होती, "हे पाणी पिण्यासाठी नाही". मराठीत, ठळक. आता त्यातलं पहिलं अक्षर आणि शेवटची वेलांटी तेवढी दिसत होती.

मी पाहुण्यांसाठी आणलेल्या काचेच्या ग्लासांतला एक घेतला आणि टाकीच्या नळाचं पाणी धरलं. स्वच्छ दिसत होतं. पण टाकीतल्या एवढ्या पाण्यात थोडा काळा द्रव मिसळल्यावर डोळ्यांना काय दिसणार? सरांच्या बॅगेजवळ त्यांचा लेझर पडला होता, तक्त्यावर ठिपका पाडायचा. मी तो घेऊन शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेले. लॅबमध्ये आम्ही असंच बघतो. निव्वळ पाण्यातून किरण जाताना दिसत नाही. पाण्यात बारीक कण असले की त्याची रेघ उमटते.

आधी माठातलं पाणी बघितलं. एखाददुसरा ठिपका चमकला, धुळीचा. मग टाकीचं पाणी. ग्लासाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लाल रेघ उभी राहिली, सरळ, सलग, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी.

मी लेझर बंद केला. पुन्हा लावला. रेघ तिथेच होती.

हा काही पक्का पुरावा नाही, असं मी स्वतःला सांगितलं. टाकीच्या आतला गाळही असू शकतो. पण आवळा उकडायचं पातेलं मला आठवलं, त्यात जाणारं पाणी याच टाकीचं. नशिबानं नवा आवळा अजून उकडायला लागलेला नव्हता. गेल्या खेपेचा सगळा चुलीवरचा होता, कारण यंत्राला त्या आठवड्यात ऊनच मिळालं नव्हतं. आजचा पहिला घाणा साहेबांसमोर टाकायचा होता. घाणा म्हणजे एका वेळी पातेल्यात टाकायचा माल. तेवढं तरी थांबवता येईल, मी विचार करत होते, सरांना सांगून हळूच, कुणाला न कळता.

तेवढ्यात चहाचा वास आला.

मागच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं. इकडे दूध मिळणं कठीण, त्यामुळे कोरा चहा. गूळ, चहापत्ती, ठेचलेलं आलं. पातेल्यातला चहा उकळून काळाभोर झाला होता.

"पाणी कुठलं?" मी विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की अध्यक्ष बाईंनी कान पुढे केला.

"टाकीचंच तं हाये. साहेबाले सांगू, सूर्यानं तापवलेला चाय पेऊन राह्यले तुमी." त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अवो, पाटी माहीत हाये आमाले. पण उकळलं ना. उकळल्यावर काय राहाते?"

उकळल्यावर सगळं राहतं. कार्बन उकळून जात नाही. तो पाण्यात तरंगत राहावा म्हणून घातलेलं रसायनही जात नाही. लॅबमध्ये आम्ही त्या द्रवाला हातमोजे घालून हात लावतो. पोटात गेल्यावर त्याचं काय होतं हे मला माहीत नव्हतं, आणि कुणाला नीट माहीत आहे असं माझ्या वाचनातही आलं नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत होतं, व्यवस्थित परिच्छेदासारखं. अध्यक्ष बाईंच्या आनंदी चेहऱ्यासमोर त्यातला एकही शब्द उपयोगाचा नव्हता. बाहेर गाडीचा आवाज आला. त्या पदर सावरत निघून गेल्या.

मी सरांकडे धावले. ते साहेबांना गाडीतून उतरवून घेत होते.

"सर, एक मिनिट."

"नंतर," सर हसतमुखानं म्हणाले. हसू साहेबांसाठी होतं.

"सर, टँकमध्ये..."

"हो, टँकच दाखवायचाय आधी. ये तू पण."

बायकांनी हात जोडून जोहार केला. साहेबांना फूल दिलं. साहेब चांगले वाटत होते, नम्र, प्रश्न विचारणारे. नळ्यांजवळ गेले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते विचारतील, हा रंग एवढाच का? पण त्यांनी आधीचा रंग पाहिलेला नव्हता. ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे पाणीच ऊन पितं." सरांना हे वाक्य फार आवडलं.

मी मागे उभी राहून वाक्य जुळवत होते. सर, कॉइल लीक आहे. नको, सगळ्यांसमोर सरांना तोंडघशी पाडल्यासारखं होईल. चहात थोडी शंका आहे. शंका म्हटलं तर कोण थांबेल? आणि कॉइल म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच, कुणी केली. धानोऱ्याच्या रस्त्यावर जीपमधून येताना टाकी किती वेळा आपटली होती, मी एका हातानं ती धरून बसले होते. रोज तापणं, रोज रात्री गार होणं, जोड त्यानंही सुटतो. पण हे कुणी ऐकून घेणार नव्हतं. लोक म्हणतील, रेडिएटरवाल्याकडून करून घेतलं, दुसरं काय होणार. आणि ते अब्बांपर्यंत पोचेल. ते काही बोलणार नाहीत. नुसता हात पुसतील.

ट्रे आला. स्टीलचे पेले बायकांसाठी, काचेचे ग्लास पाहुण्यांसाठी. काचेतला चहा काळा दिसत होता, जसा कोरा चहा दिसायलाच हवा तसा. लेझर लावला असता तरी त्यात काही कळलं नसतं.

साहेबांनी ग्लास उचलला. सरांनी उचलला. बायकांनी आपापले पेले घेतले. अध्यक्ष बाई, त्यांची सून, भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्या दोघी. एकीनं पेला दोन्ही हातांत धरून त्यावर तोंड शेकायला घेतलं. मी तिच्या ओठांकडे बघत होते.

"एक मिनिट," सर म्हणाले. "पहिला घोट हिला घेऊ द्या. हे सगळं हिनं बसवलंय. आणि साहेब, आतली तांब्याची कॉइल हिच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी केली आहे. बाजारातून आणलेली नाही."

साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं, कौतुकानं. अध्यक्ष बाईंनी स्वतः उठून एक काचेचा ग्लास माझ्या हातात दिला. हात पोळत होते. सगळे आपापले पेले धरून थांबले होते. मी प्यायल्याशिवाय कुणी पिणार नव्हतं.

एवढी शांतता माझ्या बोलण्यासाठी कुणी कधी ठेवली नव्हती. ती मी मागितलीही नव्हती.

मी ग्लास ओठांपर्यंत नेला. नेला हे खरं आहे. एक घोट घेतला असता तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. चहाचा, गुळाचा, आल्याचा वास आला. अब्बांचा टब आठवला, आणि आम्ही दोघं वाकून बुडबुड्याची वाट बघत होतो ते.

"काय झालं वो?" अध्यक्ष बाई हळूच म्हणाल्या. "आवळा थुक आता."

कुणीतरी खुदकन हसलं. भिंतीजवळच्या म्हातारीनं पेला थोडा वर नेला.

मी ग्लास खाली ठेवला. जमिनीवरच ठेवला, जवळ दुसरं काही नव्हतं. वाक्य तयार नव्हतं. आलं ते सरांच्या मराठीतही नव्हतं आणि माझ्या वहीतल्या मराठीतही नव्हतं. शेजारच्या काकूंच्या ओट्यावरचं होतं, आणि माझ्या कानांना ते फार मोठ्यानं ऐकू आलं.

"पेऊ नोका. कोणीच पेऊ नोका. टाकीत काळं पाणी उतरून राह्यलं. जोड माह्या अब्बानं लावला होता, तो गळून राह्यला."